दोन अक्षरांची ओळख

(हीरकमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संकेतस्थळे ज्या खिडकीतून दिसतात ती खिडकी म्हणजे ब्राउझर. घरोघरी तो दिवसभर उघडा असतो. तो कोणी आणि कसा घडवला, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाला पडतो. तो प्रश्न शाळकरी विद्यार्थ्याला पडावा आणि एक छोटासा ब्राउझर त्याने स्वतः बनवून पाहावा, एवढाच आजच्या भाषणाचा आग्रह आहे.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत, नेक्स्ट नावाच्या संगणकावर लिहिला. त्यात पाने वाचता येत, तशीच लिहिताही येत. वाचक आणि लेखक एकाच खिडकीत बसावेत, ही त्यामागची दृष्टी. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांत लिहिण्याची ही सोय मागे पडली आणि बहुतेकांच्या वाट्याला केवळ पाहणे उरले.

ब्राउझरचे काम वरवर साधे दिसते. पत्ता टंकला की प्रथम त्या नावामागचा अंकी पत्ता शोधला जातो. मग दूरच्या संगणकाशी जोडणी होते, पानाची मागणी जाते आणि उत्तरादाखल खुणांनी भरलेला मजकूर येतो. त्या खुणांवरून वंशावळीसारखा एक वृक्ष रचला जातो: पानाच्या पोटात परिच्छेद, परिच्छेदाच्या पोटात शब्द. त्यानंतर प्रत्येक घटकाची लांबीरुंदी मोजून पडद्यावर चित्र उमटते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते.

हे संपूर्ण यंत्र विद्यार्थ्याने एकट्याने रचणे शक्य नाही. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये, संगणकाच्या कार्यप्रणालीवर थेट चालणारा प्रोग्रॅम लिहून, पत्त्याची पट्टी, मागेपुढे जाण्याची बटणे आणि खाली एक तयार इंजिन बसवले, तर शंभरेक ओळींत चालता ब्राउझर उभा राहतो. यात चौकट आपली आणि इंजिन दुसऱ्याचे, हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. तेही कमीपणाचे नाही. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीनेही स्वतःचे इंजिन सोडून, २०२० पासून गूगलच्या पुढाकाराने घडलेल्या क्रोमियमवर आपला ब्राउझर उभा केला. क्रोमियमचे इंजिन ॲपलच्या वेबकिटमधून निघाले आणि वेबकिटचा उगम केडीई या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात आहे. हेच केडीई पुढे छत्तीसगढी भाषेतही आले. राजनांदगावचे मूळ रहिवासी रविशंकर श्रीवास्तव यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. जगभर पसरलेल्या त्या झाडाच्या एका फांदीवर या मातीचाही हात फिरला आहे.

खरी परीक्षा मात्र देवनागरीपाशी होते. ‘विद्यार्थी’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत दहा चिन्हांचा असतो. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते ‘व’च्या नंतर, पण काढायची असते त्याच्या आधी. ‘थी’च्या आधी साठवलेला अर्धा ‘र’ डोक्यावर जाऊन रफार होतो. ‘द’ आणि ‘य’ मिळून जोडाक्षर बनते. इंजिनाला ही रीत ठाऊक नसेल, तर शब्द विस्कटतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत भेद एका छोट्याशा वळणाचा. ते वळण चुकले, तर गुरूंसाठी आणलेला हार स्वयंपाक्यांच्या गळ्यात पडायचा! पूर्वी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांना आपापले अक्षरसंच होते. तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर बातमीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आले, पुढे युनिकोड रूढ झाले आणि हा गोंधळ ओसरला.

तरीही एक गोष्ट पान लिहिणाऱ्यावरच सोपवलेली आहे. पानाच्या आरंभी त्याची भाषा सांगता येते. मराठीसाठी ‘एम’ आणि ‘आर’ ही दोनच अक्षरे लागतात. काही अक्षरसंचांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची स्वतंत्र रूपे असतात; ही दोन अक्षरे असली तरच ती दिसतात, एरवी हिंदीतले प्रचलित रूप उमटते. दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा, हे याच खुणेवरून ठरवू शकतो.

रायपूरमध्ये या दोन अक्षरांचे मोल अधिक आहे. येथे हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी एकाच लिपीत शेजारी नांदतात. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यांना दोन्ही भाषा आपल्या वाटल्या, कारण दोन्हींची स्वतंत्र ओळख ते जाणून होते. शेजार प्रेमाचा असला, तरी दारावरची पाटी आपल्या नावाची असावी लागते.

मराठी माध्यमात शिकून मूल संगणकाच्या जगात मागे पडेल, ही पालकांची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. इंग्रजी त्याला शिकावीच लागेल. परंतु वेलांटी आधी काढायची की नंतर, हा प्रश्न यंत्राला नीट समजावण्यासाठी ती वेलांटी लहानपणी पाटीवर गिरवलेला माणूसच हवा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी सुट्टीत येऊन शाळेच्या संगणककक्षात चार मुलांसह एक छोटा ब्राउझर बांधावा. त्यात उघडणारे पहिले पान मुलांनीच मराठीत लिहिलेले असावे, आणि त्याच्या पहिल्या ओळीत ती दोन अक्षरे असावीत. साठ वर्षे पूर्ण केलेल्या शाळेला याहून मोठी भेट नको.