बटण दाबलं, तरी गाडी ढिम्म!

रिमोटचं बटण दाबूनही गाडी उघडत नसेल, तर आधी घरातली दुसरी चावी आणून बघा. ती चालली, तर दोष पहिल्या चावीत. आणि बहुतेकदा तो सेलचाच. दोन्ही चालत नसतील, तर गाडीची बॅटरी तपासा.

बऱ्याच चाव्यांत 3 व्होल्टचा, सीआर 2032 हा चपटा सेल असतो. पण सगळ्यांत नाही, म्हणून जुन्यावरचा आकडा वाचूनच नवा आणा. पावसात भिजलेल्या चावीत सेलला टेकणाऱ्या पत्तीवर हिरवट थर दिसतो. तो खोडरबराने हलकेच घासा.

नवा सेल मिळेपर्यंत काय? स्मार्ट चावीच्या पोटात साधी चावी दडलेली असते, तिनं दार उघडा. भोंगा वाजेल कदाचित, शेजारी डोकावतील, डोकावू द्या. मग ब्रेक दाबून, चावी स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि बटण दाबा. आतल्या चिपला सेल लागत नाही, त्यामुळे बऱ्याच गाड्या सुरू होतात. काहींत टेकवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत सापडते.

काढलेला सेल मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला, तर अन्ननलिका भाजते. तडक दवाखाना गाठा.