हुकमाचा लगाम

पत्त्यांच्या डावांत आपण हुकूम बोलतों, युनानी वैद्याला हकीम म्हणतों, आणि अडचणींतून वाट काढणाऱ्या माणसाला हिकमती म्हणतों. हे शब्द एकाच घरचे आहेत असें सांगितलें, तर पुष्कळांस नवल वाटेल. ‘हा’, ‘काफ’ आणि ‘मीम’ ह्या तीन अरबी व्यंजनांतून ते निघाले आणि फारशीच्या वाटेनें मराठींत आले.

अरबींत धातु म्हणजे बहुधा तीन व्यंजनें. मधले स्वर पालटले, मागेंपुढें एखादें अक्षर जोडलें, कीं नवा शब्द उभा राहतो. हुक्म म्हणजे निवाडा, हाकिम म्हणजे तो देणारा, हिक्मा म्हणजे शहाणपण, हकीम म्हणजे शहाणा, महकमा म्हणजे न्यायालय, तहकीम म्हणजे लवादाकडे वाद सोंपविणें. तत्त्वज्ञान आणि वैद्यक पुष्कळदां एकाच पंडिताच्या ठायीं असे, म्हणून वैद्यही हकीम झाला.

पण ह्या साऱ्यांच्या तळाशीं कल्पना कोणती? सुमारें १००४ सालीं वारलेला कोशकार इब्न फारिस ह्यानें एकच मूळ अर्थ दिला आहे : अडविणें. घोड्याच्या जबड्याभोंवतीं येणाऱ्या लगामाच्या भागाला अरबींत ‘हकमा’ म्हणतात. जुलमाला अडवितो तो हुक्म, अज्ञानाला अडविते ती हिक्मा. व्युत्पत्तिकारांच्या पुष्कळ उपपत्ति ओढून ताणून आणलेल्या असतात. ही मात्र मला पटते.

ह्या एका शब्दावरून रक्तही सांडलें आहे. इ. स. ६५७ मध्यें युफ्रेटिस नदीच्या कांठीं सिफ्फीन येथें खलिफा अली आणि मुआविया ह्यांचीं सैन्यें भिडलीं. लढाई थांबवून दोन लवाद नेमावे असें ठरलें. तेव्हां अलीच्याच पक्षांतले कांहीं लोक बिथरले. हुक्म ईश्वरावांचून कोणाचा नाहीं, मग माणसें कसला निवाडा करणार, असा त्यांचा प्रश्न! परंपरा सांगते कीं अलीनें त्यांचें वचन खरें मानलें, पण त्याचा केलेला उपयोग खोटा ठरविला. निवाडा ईश्वराचा हें कबूल; परंतु हे लोक राज्य चालविणाराच नको म्हणतात, आणि राज्यकर्त्यावांचून तर लोकांचें चालत नाहीं, असा त्याचा आशय होता. निवाडा आणि सत्ता हे दोन अर्थ त्यानें असे वेगळे केले. ते लोक फुटून निघाले. इतिहासांत त्यांना खारिजी म्हणतात. पुढें ६६१ सालीं कूफा येथें त्यांच्यांतल्याच एकानें अलीचा प्राण घेतला.

मराठींत ह्यांतलें काय उतरलें? हुकूम म्हटला कीं आपल्याला आज्ञाच आठवते. लगाम कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. हिकमत तर शहाणपणावरून युक्तीवर, आणि कधीं लबाडीवरही घसरली आहे. तरी दिवाणी दाव्याच्या अखेरीस न्यायालय जो ‘हुकूमनामा’ देतें, त्यांत निवाड्याचा तो जुना अर्थ अजून शाबूत आहे.