घरची कांदाभजी

मंडळी, बाजाराच्या दिवशी भज्यांचा वास आला की पाय थांबतात. माझेही थांबतात! पण आधी कढईत डोकावून बघा. तेल काळे, दाट, फेसाळ आहे का? तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते बिघडते, अपाय करते. तेलातला बिघडलेला भाग शेकडा २५ च्या वर गेला, तर ते वापरू नये, असा सरकारी नियम २०१८ पासून आहे. पण बाजारात मोजतो कोण?

त्यापेक्षा भजी घरीच करावीत. २ मोठे कांदे उभे, पातळ चिरा. मीठ चोळून १० मिनिटे ठेवा. कांद्याला पाणी सुटेल. त्यात मावेल तेवढेच बेसन घाला. तिखट, हळद, चिमूटभर ओवा घाला. वरून पाणी ओतू नका. नाहीतर भजी मऊ पडतात. सोडा तर नकोच, असे माझे मत.

तेल तापले का, हे कसे ओळखाल? पिठाची गोळी टाका. ती लगेच वर आली पाहिजे. धूर निघाला, तर कढई खाली उतरवा.

उरलेले तेल पुन्हा तळणाला घ्यावेसे वाटते. घेऊ नये. गार झाले की गाळा, आणि दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा.