जाहीर कागदांतून दिसणारं सैन्य

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की डोळ्यांसमोर ड्रोन येतात. पण या क्षेत्रातल्या संशोधकाचा बराचसा दिवस जातो कागद वाचण्यात.

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात २०१९ साली या विषयाचं स्वतंत्र संशोधन केंद्र निघालं. तिथल्या अभ्यासकांनी चिनी सैन्याच्या खरेदीच्या जाहीर नोंदी चाळल्या आणि त्यातून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचे ३४३ करार वेगळे काढले. काय घेतलं? कोणाकडून? कशासाठी? २०२१च्या अहवालातून पुढे आलं, की माल पुरवणाऱ्यांत सरकारी शस्त्रकंपन्यांपेक्षा २०१० नंतर निघालेल्या खाजगी कंपन्याच जास्त. ना हेर, ना चोरलेली फाईल! मला हे फार मोलाचं वाटतं. उघड पुराव्यावर उभं राहिलेलं धोरण निदान तपासून तरी पाहता येतं.

अशा संशोधनासाठी संगणकाची पदवी हवीच असं नाही. चिनी भाषा येणारे, कायदा किंवा अर्थशास्त्र शिकलेले यांचीही गरज असते. मात्र चिकाटी हवी, आणि नेमकं लिहिता यायला हवं. आपल्याकडे बंगळुरूच्या तक्षशिला संस्थेत सार्वजनिक धोरणाचे अभ्यासक्रम नोकरी सांभाळूनही करता येतात.