मोबाइलवरील छळ आणि शिक्षकाचा पहिला शब्द

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शिक्षक बंधुभगिनींनो,

सन १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकविण्यास जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोक शेण व चिखल फेकीत. म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत आणि शाळेत पोहोचल्यावर मळलेले बदलीत. शाळेच्या दाराआत निदान तो छळ थांबे. आज ओतूर-घोडेगावच्या मुलामुलींवर मोबाइलमधून उडणारा चिखल मात्र दाराशी थांबत नाही. टोपणनावाने केलेली निंदा, खोटे खाते, विद्रूप केलेले छायाचित्र घटकेत वर्गभर फिरते व रात्री उशाशी येते.

तरीही मूल बोलत नाही. ‘मोबाइल काढून घेतील’, आणि मुलगी असेल तर ‘शाळाच बंद करतील’, हे भय त्यास छळाहून मोठे वाटते. छळणाऱ्याचे बळ या मौनातच आहे. यास्तव आपला पहिला शब्द रागाचा नसावा. ‘बाळ, चूक तुझी नाही’ हा असावा.

मग कृती. प्रत्युत्तर देऊ नये. संदेशाचा स्क्रीनशॉट जपावा व नंतर ते खाते ब्लॉक करावे. पासवर्ड जिवलग मित्रासही सांगू नये. बालकांसाठी १०९८ व सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक वर्गात लिहून ठेवावेत. बालकाचे अश्लील चित्र असल्यास ते कोणासही पुढे पाठवू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांस कळविणे हे आपले कर्तव्यच आहे.

छळणाराही पुष्कळदा त्याच वर्गात बसलेला असतो. त्यालाही आपणच शिकवीत आहोत, हे विसरू नये.