टाच टेकली, पण गुडघा?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे व्यायामासाठी येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "बाई, हा पट्टा किती दिवस घातला म्हणजे पोर सरळ चालेल?" पट्टा म्हणजे जणू मोडलेल्या हाडावरचं प्लास्टर, दिवस भरले की काढायचं! तसं ते नाही.

इथे इजा मेंदूला झालेली असते. पायाला मिळणारा हुकूम चुकतो, पोटरी ताठ राहते, टाच वर ओढली जाते आणि मूल चवड्यांवर चालू लागतं. पोलिओत पाय लुळा पडतो, म्हणून त्या लोखंडी कॅलिपरचा हिशेब इथे लावू नये. आजचा पट्टा पायाचा साचा घेऊन प्लास्टिकचा करतात. तो घातला की टाच आधी टेकते, चवडा जमिनीला घासत नाही, पाऊल लांब पडतं. पुष्कळ मुलांचा वेगही थोडा वाढतो. मात्र काढला की चाल बहुधा पहिल्यासारखी होते. चष्म्याचं असतं तसंच.

आता खरी मेख गुडघ्यात आहे. घोट्याशी बिजागरी असलेला पट्टा पालकांना आवडतो, कारण त्यात जिना चढणं, खाली बसून उठणं सोपं जातं. ज्याचा गुडघा उभं राहताना सरळ राहतो, त्याला तो चांगलाच. पण जे मूल गुडघे वाकवून, दबकत चालतं, त्याची नडगी त्या बिजागरीवर आणखी पुढे झुकते आणि गुडघा जास्तच वाकतो. अशा मुलाला घोटा पक्का धरणारा, नडगीला पुढून आधार देणारा पट्टा लागतो. पाऊल टेकलं की जमिनीचा रेटा गुडघ्याला मागे सारतो. अर्थात गुडघा हातानेसुद्धा सरळ होत नसेल, तर त्याचाही फारसा उपयोग नाही. म्हणून शेजारच्या मुलाला मानवला तोच आपल्याला द्या, असा आग्रह कृपा करून धरू नका. मापं घेणाऱ्यांना मुलाची चाल बाजूने बघायला सांगा. नुसती समोरून बघून भागत नाही.

आपल्या घरात आणखी एक अडचण असते. चपला उंबऱ्याबाहेर, आणि पट्टा तर बुटात घालायचा! नुसत्या पट्ट्यावर गुळगुळीत फरशीवरून मूल घसरतं. घरात वापरायचा एक वेगळा, स्वच्छ बूट ठेवा; आजीला काय ते समजावून सांगा.

रोज संध्याकाळी मोजे काढून टाच आणि घोटा बघा. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर पट्टा बनवणाऱ्याकडे परत न्या. आणि मुलाची उंची वाढली, की जुना पट्टा आखूड झालाच म्हणून समजा.