दगड दातच कापतो

खाणींतून, कॉलेजांतून, पंपांच्या कारखान्यांतून आलेल्या मंडळींनो, नागपुरात आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने लवकर आटपायचं असतं. पण ज्याची हयात खाणीच्या फेसवर गेली त्याच्या हाती माइक दिलात, आता थोडं सोसा.

पाण्याच्या धारेच्या मदतीने खडक कापणं, हा परिषदेचा विषय सांगितला की लोक म्हणतात, "म्हणजे पाण्याने दगड कापायचा!" नाही हो, दगड मशीनचा दातच कापतो. दाताच्या टोकाखाली खडकाचा भुगा होतो, तिथेच अडकतो, आणि मशीनचा जोर तोच भुगा पुन्हा दळण्यात वाया जातो. 1970 च्या दशकात मायकेल हूड यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींसाठी प्रयोग करून दाखवलं, की टोकाशी पाण्याची जोरदार धार सोडली तर दातावरचा भार उतरतो. धार भुगा धुऊन काढते, दाताचं कार्बाइडचं टोक थंड ठेवते. मात्र नेम चुकला, की मुसळ केरात.

पुढे ब्रिटनच्या कोळसा खाणींत रोडहेडर या बोगदे खोदणाऱ्या मशीनवर 700 बारपर्यंतचे दाब वापरून पाहिले गेले. 700 बार म्हणजे सात किलोमीटर उंच पाण्याचा भार! धार आवाजापेक्षा वेगाने सुटते. ऐकायला झकास. पण 0.6 मिलिमीटरच्या एका नोझलला सहा-सात किलोवॅट लागतात. वीस दातांचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून जो दात खडकात आहे त्यालाच पाणी द्यायला हवं. आणि फिरत्या कटरमध्ये हे पाणी नेताना ते गळू न देणारं सील? आलेख दाखवताना त्याचं नाव कोणी काढत नाही, मशीन मात्र तिथेच बसतं. वक्त्यांनो, यंदा सीलवर बोला. गढूळ पाण्याने तुंबणाऱ्या नोझलवरही बोला.

कापण्याच्या वेगापेक्षा या धारेचं खरं मोल मला दुसरीकडेच वाटतं. आमच्या कामठीकडे कोळशाच्या जोडीला वाळूचा दगड. बोथट दात त्यावर घासला की मागे तापलेला लाल पट्टा उमटतो. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन असेल, तर पुढचं इथे कोणाला सांगायला नको. तो पट्टा जागच्या जागी विझवणं, धूळ उठण्याआधीच भिजवणं, एवढं जरी धारेने नीट केलं तरी पंपाचं बिल मी बिनतक्रार भरीन.

रात्रीच्या जेवणात सावजी रस्सा आहे. पाहुण्यांनी आधी चमचाभर चाखावा. त्यावर थंड पाण्याचा उपाय चालत नाही. आता अध्यक्षांना विनंती करतो, की त्यांनी पहिलं सत्र सुरू करावं.